बापूंचा कान

बापू पोवार पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी आमची कढई वाजवली. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या त्या चार मजली इमारतीत आम्ही नुकते राहायला आलो होतो. निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. खालच्या मजल्यावर भारतातलं एक जोडपं राहतं, एवढंच घरमालकाने सांगितलं होतं. दार उघडलं तर समोर साठीचे, बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ उभे, हातात झुणक्याचा डबा.

"पोवार. कोल्हापूर. खालच्या मजल्यावरचा. बापू म्हणायचं," एवढं बोलून ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावरची बिडाची कढई उचलली, कानाजवळ धरली आणि बोटाच्या पेराने टक्क करून वाजवली. मान तिरकी, डोळे मिटलेले.

"कुठनं आणलीस ही?"

"सासूबाईंनी दिली. पुण्याहून."

"बद्द वाजायलीय. कानाखाली चीर असणार. दोन महिनं चालंल."

सासूबाईंच्या कढईबद्दल हे ऐकून मंदारचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा उतरला. सातव्या आठवड्यात कढई गेली, आणि नेमकी कानाखालीच गेली. तेव्हापासून मंदार बापूंना जरा घाबरून असायचा. माझी मात्र त्यांच्याशी तिथेच गट्टी जमली.

वाजवून बघणं हा बापूंचा धंदा होता. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ते विशीच्या आत लागले आणि पंचेचाळिशीत इथे आले, मोटारींचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात. ओतून थंड झालेला भाग टांगायचा आणि छोट्या पितळी हातोडीने हलकेच मारायचा. धड असेल तर नाद सुटतो आणि रेंगाळतो. आत कुठे चीर असेल तर आवाज तिथल्या तिथे बसतो, म्हणजेच बद्द. आता हे काम यंत्र करतं. पण यंत्र एक म्हणालं आणि माणसं दुसरं म्हणाली की 'हेर पोवार', म्हणजे पोवारसाहेबांना, बोलावणं यायचं. "मशीन आकडा सांगती," बापू म्हणत, "आवाज मलाच ऐकाय लागतोय." हातोडी ते कारखान्यात ठेवत नसत. ती कोटाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली असायची.

कारखान्याबाहेर त्यांना हातोडीची गरज नव्हती, बोट पुरायचं. दारं, भिंती, फरशा, वाढदिवसाला आलेले कप, सगळं वाजायचं. कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात त्यांनी एकदा रचलेली सगळी कलिंगडं एकेक करून वाजवली. मालक संतापून बाहेर आला. बापूंनी त्याच्या हातात एक कलिंगड दिलं आणि खुणेनेच काप म्हणाले. आत लालभडक. पुढे दर उन्हाळ्यात तो मालकच त्यांना बोलवून घ्यायचा आणि गिऱ्हाइकांना म्हणायचा, थांबा, आमचे तज्ज्ञ आलेत.

नंतरच्या दोन उन्हाळ्यांत मात्र बापूंनी निवडलेली कलिंगडं पांढरी निघायला लागली. "माल उतरला आता," बापू म्हणत. आम्हीही माल उतरला असंच धरून चाललो.

त्यांची दुसरी सवय म्हणजे गेनाऊ. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द इथे राहिलेल्या प्रत्येकाच्या तोंडी बसतो, पण बापूंनी तर कहर केला होता. तुम्ही काहीही बोला, मराठीत बोला नाहीतर जर्मनमध्ये, बापू मान हलवणार आणि "गेनाऊ!" म्हणणार. आवाज असा दणदणीत, की भट्टीच्या पलीकडच्या माणसाशी बोलताहेत असं वाटावं. आम्ही म्हणायचो, बापू आता पक्के जर्मन झाले. आमची आठ वर्षांची ईरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर द्यायचं ते जर्मनमध्येच, तिने एकदा जेवताना हळूच म्हणून पाहिलं, "बापू, दु बिस्ट आइन कार्टोफेलझाक." बापू, तू बटाट्याचं पोतं आहेस.

"गेनाऊ!" बापू खूश होऊन म्हणाले आणि तिला आणखी एक पुरणपोळी वाढली.

आम्ही पोट धरून हसलो. बापूंच्या पत्नी, शालनकाकू, हसल्या नाहीत. त्यांनी बापूंच्या ताटात भात वाढला आणि ईराला म्हणाल्या, "असं म्हणू नये बाळा मोठ्यांना."

शालनकाकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट निम्मी त्यांची आहे. काकू कमी बोलायच्या आणि कामात असल्या की गायच्या. आईकडून आलेल्या ओव्या, अगदी हलक्या आवाजात, पीठ मळता मळता. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की वर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. त्यांच्या फ्रिजवर औषधांच्या दुकानाने फुकट वाटलेल्या कॅलेंडरचं एक पान होतं. वर्ष कधीच सरलं होतं, पण पान जागेवरच. हिरव्या डोंगरावर एक देऊळ, छप्पर नसलेलं, नुसतेच खांब, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, सिसिली.

"इथं एकदा जायचंय," काकू म्हणत.

पण बापूंची वर्षाची तीस दिवसांची सुट्टी अठरा वर्षं अख्खीच्या अख्खी कोल्हापूरला जायची. कारखान्यात जानेवारीत सुट्ट्यांचा तक्ता लागतो. इतर लोक मायोर्का, तुर्कस्तान, डोंगर असं काय काय लिहीत. बापूंच्या रकान्यात कोणीतरी आधीच डिसेंबर भरून ठेवलेला असे. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं, तेव्हा त्या जानेवारीत मीच काकूंच्या वतीने तोंड घातलं.

"बापू, मेमध्ये गुरुवारची सुट्टी आहे, शुक्रवारचा ब्रुकेनटाग, म्हणजे मधली जोडून घ्यायची सुट्टी. वर तीन दिवस टाका. आपण सगळे सिसिलीला जाऊ."

"गेनाऊ!" बापू म्हणाले.

मी त्याच क्षणी तिकिटं काढली. दोन दिवसांनी कळलं तेव्हा बापू चकित. "मी कधी हो म्हणालो?" आम्ही पुन्हा हसलो. किती हसतो माणूस, समोर धडधडीत दिसत असताना.

श्टुटगार्टच्या विमानतळावर तपासणीत त्यांच्या हातपिशवीतून ती पितळी हातोडी निघाली. तिथल्या अधिकारी बाईंनी ती दोन बोटांत उचलून विचारलं, हे काय. बापूंनी हातोडी त्यांच्याकडून घेतली आणि प्रात्यक्षिक म्हणून ट्रे वाजवला. मग शेजारचा वाजवला. रांगेतले लोक माना उंचावून पाहू लागले. शेवटी बापू परत मागे गेले, आणि एका हातोडीसाठी एक अख्खी बॅग सामानात टाकून धापा टाकत आले. काकूंनी एवढंच विचारलं, "तिथं काय वाजवायचंय एवढं?"

"दोन-अडीच हजार वर्सं उभं हाय ते. बघाय नको?"

पहिले दोन दिवस समुद्राचे होते. पालेर्मोच्या पुढे एका छोट्या गावात आम्ही घर घेतलं होतं. निळं पाणी, मागे उभा डोंगर, रस्त्याच्या कडेला लिंबाच्या बागा आणि पिवळी रानफुलं. बापू पाण्यात उताणे पडले ते दुपारपर्यंत तसेच. कळंब्याच्या तळ्यात पोहायला शिकलेला माणूस तो. काकू सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन उभ्या होत्या, आणि लाट आली की लहान मुलीसारख्या मागे पळत होत्या. नंतर आम्ही दोघी वाळूत बसलो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"आधी मी गुणगुणले की आतल्या खोलीतनं म्हणायचे, शालन, दुसरी ओळ पडली बघ, सूर उतरला. चुका काढायचे नुसत्या. चांगलं कधी म्हणाले न्हाईत, पण ऐकायचे. आता तीनेक वर्सं झाली, काहीच म्हणत न्हाईत. कंटाळले असतील. चाळीस वर्सं तेच तेच ऐकून माणूस कंटाळणारच की."

मी म्हटलं, असं काही नसेल काकू. म्हणायचं म्हणून म्हटलं. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि बापूंचा रागही आला.

तिसऱ्या दिवशी आम्ही सेजेस्ताला गेलो. कॅलेंडरमधलं ते देऊळ हेच. काकूंनी पान घडी करून पर्समध्ये आणलं होतं. त्या वाटेत थांबल्या, पान उघडून धरलं, पानाकडे बघितलं, देवळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." जणू कोणी त्यांना फसवून दुसरंच देऊळ दाखवेल.

बापूंनी देवळाला निम्मी प्रदक्षिणा घातली आणि वाकले. पायऱ्यांच्या दगडांना जागोजागी मुठीएवढी टेंगळं होती. पाटीवर लिहिलं होतं की दगड उचलताना दोर अडकवायला ही ठेवलेली असतात, काम संपलं की छाटून टाकतात. हे देऊळ कधी पुरंच झालं नाही, म्हणून ती राहिली.

"अरे!" बापूंचा आवाज त्या खांबांत घुमला. "मंदार, हिकडं ये! फेटलिंगच केलेलं न्हाई! ओतीव काम साच्यातनं काढल्यावर वरची शेपटं कापत्यात का न्हाई? ह्येंनी तसंच सोडलं. डिस्पॅचची घाई!"

"दोन-अडीच हजार वर्षं झाली, बापू," मंदार म्हणाला. "आता कुणाला नोटीस काढता?"

"गेनाऊ!" म्हणत बापूंचा हात खिशाकडे गेला. काकूंनी आधीच पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून हातोडी ताब्यात घेतलेली होती. बापूंनी मग बोटाने खांब वाजवला, कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. पहारेकऱ्याने शिट्टी मारली. बापू हलले नाहीत. त्याने पुन्हा मारली, मग पळत आला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे दचकून मागे झाले.

तिथून एक छोटी बस वर डोंगरावर नेते. वर जुनं नाट्यगृह आहे, अर्धगोल, दगडी पायऱ्यांचं. खाली रंगमंचाची मोकळी जागा, तिच्यामागे थेट खाली उतरत जाणारा हिरवा डोंगर, आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. बसलेल्या माणसाने नाटक बघावं की समुद्र, असा प्रश्न पडावा. एक जर्मन सहल आमच्या आधीच येऊन बसली होती. त्यांच्या गाइडने मंचाच्या मध्यावर उभं राहून एक कागद फाडला. वरच्या पायरीवर आम्हाला तो फाटताना स्वच्छ ऐकू आला. सगळे "ओह" म्हणाले. बापूंनी सगळ्यांकडे बघितलं आणि तेही "ओह" म्हणाले.

"काकू, झिंग माल!" ईरा ओरडली. गा ना.

"काहीतरीच काय. एवढ्या लोकांत?"

"अगं म्हण की!" बापूंनीच जोर केला. "लाजतीस काय! इथं कोण वळखतंय तुला?"

काकू उतरल्या. एकेक पायरी जपून. मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या, ओढणी डोक्यावर घेतली. एवढ्याशा दिसत होत्या. मग त्यांनी सुरुवात केली, घरी पिठाच्या परातीपुढे म्हणतात तशीच, तेवढ्याच हलक्या आवाजात.

तो आवाज वर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कानाशी बसून म्हणाव्यात तशा त्या ऐकू येत होत्या, त्यांनी मध्ये घेतलेला श्वाससुद्धा. जर्मन सहल गप्प झाली. ईरा गप्प झाली, ही तर नोंद करून ठेवावी अशी गोष्ट.

बापू माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या त्या भट्टीपारच्या आवाजात म्हणाले, "सुरू झालं का?"

पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. बापू त्यांच्याकडे बघून हसले आणि पुन्हा माझ्याकडे वळले. मी नुसती मान हलवली.

त्यांनी खाली पाहिलं. काकूंचे ओठ हलत असणार, पण ते एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी कानामागे हात धरला. मग भोवती बसलेल्या लोकांचे चेहरे बघितले, एकेक करून. मी बापूंना कारखान्यात काम करताना कधी पाहिलं नाही, पण एखादा भाग बद्द वाजला की ते असेच बघत असतील. कलिंगडं, गेनाऊ, पहारेकऱ्याची शिट्टी, काकूंच्या चुका काढणं बंद होणं, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम ओळीने उभं राहिलं. बापूंना ऐकू येत नव्हतं, आणि हे लपवण्यात त्यांची तीन वर्षं गेली होती. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

बापू उठले. एक पायरी उतरले, थांबले, मान तिरकी केली. आणखी एक उतरले, थांबले. लोक चुळबुळ करत होते, कोणीतरी "हालो!" म्हणालं. बापूंचं लक्ष नव्हतं. ते मोजत होते. प्रत्येक पायरीवर तसेच थांबत, कान देत, उतरत गेले. काकूंनी त्यांना येताना पाहिलं, पण ओवी थांबवली नाही. खालून चौथ्या पायरीवर बापूंनी डोळे मिटले आणि तिथेच खाली बसले.

ओवी संपली. टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर खालून बापूंचा आवाज आला, मोठा आणि स्पष्ट.

"दुसरी ओळ पडली, शालन."

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हसत होत्या की रडत होत्या हे वरून कळत नव्हतं, पण त्या जागेची करामत अशी, की ऐकू सगळं येत होतं. जर्मन लोकांना भाषा कळत नव्हती. आम्हाला कळत होती, आणि कान बंद करण्याइतके सभ्य आम्ही नव्हतो.

"मला वाटलं, नको झालं तुम्हाला माझं गाणं."

"वर काहीच येत न्हवतं गं. हितं चौथ्या पायरीवर आलं. लई दिवस झाले. कारखान्यात सांगितलं तर हातोडी काढून घेतील म्हणून बोललो न्हाई. मग तुला तरी कसं सांगू? ह्या कानावर तर जेवतोय."

"आणि मी काय समजायचं?"

मग बापू म्हणाले, "पीस बद्द वाजायलाय. पण रिजेक्ट करू नगंस. रीवर्क हुतंय."

काकू मोठ्याने हसल्या. त्यांना मोठ्याने हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जर्मन सहलीने पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

परत आल्यावर बापू स्वतःहून कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना भीती होती तेच झालं. वाजवून बघण्याचं काम गेलं आणि टेबलावरचं काम मिळालं. दोन आठवडे ते कोणाशी धड बोलले नाहीत. माझ्या घरी आले तरी कशाला बोट लावत नव्हते, आणि ते बघवत नव्हतं. मग एका शनिवारी दोन्ही कानांत यंत्रं घालून वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "माझं बूट एवढं वाजत्यात? अठरा वर्सं एकानं सांगू नये?" मग आत येऊन त्यांनी स्वयंपाकघरात कान दिला. "तुमचा फ्रिज बद्द वाजायलाय."

"नवा आहे, बापू!" मंदार कळवळून म्हणाला.

ईरा लांबून हे बघत होती. तिने खिडकीजवळूनच अगदी पुटपुटत म्हटलं, "कार्टोफेलझाक."

बापू गर्रकन वळले. "सेल्बर!" म्हणाले. तूच!

ईराने आनंदाने किंकाळी फोडली. तेव्हापासून आमच्या घरात बापूंना दबून असणारी माणसं दोन झाली. गेनाऊ मात्र बंद झालं. त्याची जागा "आल्झो," म्हणजे 'हे बघा', "असं न्हाई त्ये" याने घेतली, कारण आता त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि त्यातलं फारसं पटत नव्हतं. तुर्की दुकानात कलिंगडं पुन्हा लाल निघू लागली.

पुढच्या वसंतात ते निवृत्त झाले आणि घर सोडून कोल्हापूरला निघाले. घर ताब्यात घ्यायला मालक कागद घेऊन आला, एकेक खोली तपासत, ओरखडे लिहीत. बापू त्याच्या मागून फरशा वाजवत फिरले आणि न्हाणीघरातल्या तीन फरशा आपण राहायला यायच्या आधीपासून पोकळ आहेत, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. ती पितळी हातोडी त्यांनी ईराला दिली. "कुणाच्या डोक्यात मारायची न्हाई," एवढीच अट.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते इमारतीखाली. टॅक्सी उभी होती, इंजिन चालू. मंदार आणि ड्रायव्हर सहा बॅगा चार बॅगांच्या जागेत बसवत होते, आणि मोठमोठ्याने एकमेकांना सूचना देत होते. काकू वर होत्या, मोकळ्या घरातून शेवटचा केर काढायला म्हणून राहिलेल्या. मी बापूंना विमानात काय खाल, कोल्हापूरला न्यायला कोण येणार, असलं काहीबाही विचारत होते, कारण गप्प बसले असते तर रडले असते.

बापूंनी एकदम बोट वर केलं. "गप. सुरू झालं."

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी वळून ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. तेव्हा कुठे वर त्यांच्या खिडकीतून केरसुणीचा आवाज आला, आणि त्याच्यावर काकूंची ओवी. मंदार हातात बॅग धरून तसाच उभा राहिला. बापू मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होते.

"पडली," दुसऱ्या ओळीनंतर ते म्हणाले, आणि ओवी पुरी होईपर्यंत त्यांनी कोणाला बॅग हलवू दिली नाही.